नकला, तीन प्रतींत

अर्जातली अकरा नंबरची चौकट अर्धा इंच मोठी असती, तर पुढचं काही घडलं नसतं, असं माझं मत आहे. पत्नीचं म्हणणं, चौकट पुरेशी होती, तुमचा स्वभावच आखूड आहे. दोघांत कोण बरोबर हे ठरवण्याइतका मला स्वतःवर भरवसा नाही, म्हणून दोन्ही मतं नोंदवून ठेवतो.

चौकटीवर लिहिलं होतं, 'व्यवसायाचे स्वरूप'. माझा व्यवसाय चारचौघांत सांगायची वेळ आली की माझे कान गरम होतात. अडतीस वर्षं मी एका छापखान्यात प्रूफं तपासली. तो व्यवसाय सांगायला सोपा होता, कारण तो सांगितल्यावर कोणी पुढे काही विचारत नसे. निवृत्तीनंतर मात्र मी पशुपक्ष्यांच्या आवाजांच्या नकला करू लागलो. कोंबडा, म्हैस, कावळ्यांची सभा, दाराबाहेर राहिलेलं कुत्रं, असे एकंदर बावीस आवाज. कार्यक्रम लहान मुलांसाठी असतो आणि मी तो पडद्याआड बसून करतो. पडदा फार महत्त्वाचा. समोर माणसाचा चेहरा दिसला की माझ्या तोंडून माणसाचासुद्धा आवाज नीट निघत नाही, मग म्हशीचा कुठून निघणार.

आमच्या भागातल्या मुलांच्या वाचनालयात मी असे दोन कार्यक्रम फुकट केले. तिसऱ्या खेपेला तिथल्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काका, आता वर्षभर दर शनिवारी करा. मानधन देऊ. फक्त तुमच्या व्यवसायाच्या नोंदणीचा दाखला महिनाअखेरपर्यंत आणून द्या. त्याशिवाय आमचं हिशेबखातं ऐकत नाही. नाही जमलं तर शनिवार जादूगाराला द्यावा लागेल."

जादूगाराकडे दाखला होता. तो त्याने टोपीतून काढला की काय, कल्पना नाही.

मला तो शनिवार हवा होता. आयुष्यात मी कुठल्या गोष्टीसाठी हट्ट धरल्याचं आठवत नाही. छापखान्यात माझी खुर्ची मोडली तेव्हासुद्धा मी दोन वर्षं तोल सांभाळून बसलो. पण हा शनिवार मला हवा होता, आणि त्याचं कारण मानधन नव्हतं. माझ्या मनात एक शंका होती. पडद्यामागून मला मुलांचं हसू ऐकू येतं, पण ती कशाला हसतात ते दिसत नाही. एकदा पडदा दोरीवरून निसटला तेव्हा सगळ्यांत जास्त हसली होती. घरी येऊन पत्नीला विचारावं, "कसं झालं?" तर ती म्हणणार, "बरं झालं." नळ दुरुस्त करून घेतला तरी ती हेच म्हणते. वर्षभर दर शनिवारी कोणी बोलावत राहिलं, तर त्यावरून काहीतरी अनुमान काढता येईल, असा माझा हिशोब होता.

तर अर्ज. अर्जात अकरा नंबरच्या आधी सात नंबरची चौकट येत होती: 'एकमालकी, भागीदारी की कंपनी'. मी एकमालकीवर खूण करणार, इतक्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले आत आले. आमचं दार उघडं दिसलं की ते आत येतात आणि कागद दिसला की बसतात.

"एकमालकी? चूक," ते म्हणाले. "कंपनी काढा. जबाबदारी मर्यादित राहते."

"माझं सगळंच मर्यादित आहे," मी म्हणालो.

"तसं नाही हो. समजा, तुम्ही वाघ काढलात, आणि समोर कोणाची आजी दचकून पडली. दावा कोणावर? एकमालकी असेल तर तुमच्यावर. घरावर टाच. कंपनी असेल तर कंपनीवर."

"पण मी वाघ काढत नाही."

"कंपनी झाल्यावर काढावा लागेल. व्याप वाढवावा लागतो."

पत्नीने मधेच विचारलं, "आणि भागीदारी म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून करायचं, वहिनी. फायदा निम्मा, तोटा निम्मा."

"तोटा मी लग्नापासून निम्मा सोसतेच आहे," ती म्हणाली. "त्याला अर्ज कशाला?"

शेवटी बँकवाल्यांनीच मला त्यांच्या ओळखीच्या करसल्लागाराकडे पिटाळलं. करसल्लागार एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत बसत. बरे गृहस्थ होते, पण प्रश्न विचारताना ते माणसाकडे न बघता त्याच्या खिशाकडे बघत. एकट्या कलावंताने एकमालकीच घ्यावी, असं त्यांनी सांगितलं, आणि माझ्या जिवावरचा वाघ टळला.

"खर्च काय काय होतो?" त्यांनी विचारलं.

"मध. गरम पाणी. पडद्याची धुलाई."

"पावत्या ठेवा. यंत्रसामग्री?"

"घसा," मी म्हणालो. "तो जरा झिजलाय. घसारा की काय म्हणतात, तो घशावर मिळतो का?"

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "घसारा यंत्राचा मिळतो. घशाचा मिळत नाही. सराव कुठे करता?"

मी खरं तेच सांगितलं. सराव मी बाथरूममध्ये करतो. तिथे आवाज घुमतो आणि कोणी बघत नाही.

"मग तेवढा भाग व्यवसायाची जागा म्हणून दाखवा. त्याच्या विजेचा खर्च वजा मिळेल."

मला त्यात काही गैर वाटलं नाही. शिकलेल्या माणसाने शांतपणे सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीत मला गैर वाटत नाही, हा माझा जुना दोष आहे. मी नऊ नंबरच्या चौकटीत, व्यवसायाची जागा म्हणून, 'राहत्या घरातील बाथरूम' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

मग आली अकरा नंबरची चौकट. मी कच्च्या कागदावर लिहिलं होतं: 'लहान मुलांच्या मनोरंजनासाठी पशुपक्ष्यांच्या आवाजांच्या नकला करणे.' चौकट माझ्या अंगठ्याएवढी. बाहेर गेलेलं अक्षर मला बघवत नाही. मी प्रूफरीडरच्या सवयीने काटछाट सुरू केली. 'लहान मुलांच्या' काढलं, कारण मोठ्यांनी ऐकलं तरी माझी हरकत नव्हती. 'मनोरंजनासाठी' काढलं, कारण तो आपल्या तोंडी जरा मोठेपणा वाटला. पशुपक्षी काढले, कारण जोडाक्षराची शेपटी रेघेला लागत होती, आणि त्यांच्यामागे आवाजही गेले. शेवटी जे उरलं ते चौकटीत मधोमध, चारी बाजूंना समान जागा सोडून बसलं. 'नकला करणे.' इतकं नेटकं वाक्य मी छापखान्यातही क्वचित पाहिलं होतं.

चार नंबरच्या खिडकीवरच्या कारकून बाईंनी ते वाचलं, संगणकात काहीतरी टाकलं आणि विचारलं, "मशीन एकच आहे ना?"

मला वाटलं, ध्वनिक्षेपकाचं विचारताहेत. "वाचनालयाचं आहे," मी म्हणालो.

"म्हणजे भाड्याचं," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला.

चार दिवसांनी दुपारी दार वाजलं. दारात दोघे होते. एक कातडी बॅग घेतलेला तपासनीस आणि दुसरा आमच्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. तपासनिसाने पत्ता त्यालाच विचारला होता, "इथे नवीन झेरॉक्स कुठे निघालंय?" आणि तो दुकान उघडं टाकून सोबत आला होता.

"काका," झेरॉक्सवाला म्हणाला, "पंचवीस वर्षं तुम्ही माझ्याकडे कागद काढता. सुटे नसले तर मी कधी मागितले नाहीत. आणि या वयात तुम्ही माझ्यासमोरच दुकान घातलंत?"

"दुकान?" मी म्हणालो.

"मशीन दाखवा," तपासनीस म्हणाला. "बाथरूममध्ये आहे असं लिहिलंय."

आता या क्षणी मी नुसता एकदा कोंबडा आरवून दाखवला असता तर प्रकरण मिटलं असतं. हे मला त्याच रात्री, अंथरुणावर पडल्यावर, अगदी स्पष्ट कळलं. पण समोर दोन चेहरे, त्यात एक दुखावलेला, आणि पडदा धुवायला टाकलेला. माझ्या तोंडून इतकंच निघालं की, "ते तसं नाही, मी नकला तोंडाने करतो."

तपासनीस आमच्या बाथरूममध्ये शिरला. बादलीत डोकावला. टाकीच्या मागे बघितलं. बटणापाशी थांबून म्हणाला, "ओल्या जागेत विजेचं यंत्र. माणूस मरेल." मग त्याने वहीत लिहिलं, आणि लिहिताना मोठ्याने वाचलं: "यंत्र आढळले नाही. हलवले असण्याची शक्यता."

"अहो, पण हे खोटं कशाला बोलतील," पत्नी म्हणाली. "यांना खरं बोलायलाच इतका वेळ लागतो."

तपासनिसाने तेही लिहिलं की काय, ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत बातमी झाली. शेजारच्या वहिनी विजेचं बिल घेऊन आल्या: "काका, पाठपोट काढून द्याल ना?" तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर दोन खोक्यांएवढी कागदपत्रं खाली ठेवून म्हणाले, घाई नाही. बँकवाले म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं, कंपनी काढा." मी सगळ्यांचे कागद घेतले, कारण नाही म्हणणं मला जमत नाही, आणि कोपऱ्यावर जाऊन काढून आणले. झेरॉक्सवाल्याने एकूण एक कागद मोजून, माझ्याकडे न बघता, काढून दिला. त्या आठवड्यात त्याचा धंदा माझ्यामुळे वाढला, पण हे त्याला सांगणार कोण.

मी दुरुस्तीचा अर्ज केला. या वेळी काटछाट करायची नाही, असं पत्नीने बजावलं होतं. तरी मी एकच वाक्य लिहिलं: 'माझ्या नकला कागदाच्या नसून तोंडाच्या आहेत.' मला ते पुरेसं वाटलं. खरं सांगायचं तर ते मला चांगलंही वाटलं.

महिना संपायला सहा दिवस राहिले असताना उत्तर आलं. 'आपल्या व्यवसायाच्या स्वरूपाबाबत गुरुवारी सकाळी अकरा वाजता सुनावणी ठेवण्यात आली आहे. अर्जदाराने स्वतः हजर राहून तीन नकला सादर कराव्यात, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल.'

मी ते तीनदा वाचलं. मजकुरात चूक नव्हती. "बघ," मी पत्नीला म्हणालो, "अखेर त्यांना कळलं. प्रात्यक्षिक मागितलंय."

तिने पत्र हातात घेतलं. "पडदा नेता येईल का?"

पडद्याबद्दल पत्रात काही नव्हतं. त्या क्षणापासून माझं जेवण कमी झालं.

तीन नकला कुठल्या, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. कोंबडा नक्की होता. कोंबडा कोणालाही कळतो. दुसरी, दोन मांजरांचं भांडण. तिसऱ्यावर मतभेद झाला. पत्नीला म्हैस हवी होती. मला पाणी पिणारं कुत्रं हवं होतं. ही माझी सगळ्यांत आवडती नक्कल. त्यात भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. जिभेचा नुसता लपलप आवाज, मधे एक दम, नाकातून एक उसासा, आणि शेवटी गळपट्ट्याची बारीक किणकिण. ही नक्कल आजवर एकालाही ओळखता आलेली नाही. मुलांना वाटतं कोणीतरी आमटी पितंय. खुद्द पत्नी पहिल्यांदा ऐकून नळ बंद करायला उठली होती.

"सरकारी कचेरीत ती नको," ती म्हणाली. "म्हैस करा. सुरक्षित आहे."

"बरं," मी म्हणालो.

गुरुवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत मला बसवलं. टेबलापलीकडे साहेब, करड्या मिशांचे, डोकं फायलीत. बाजूला टंकलेखनाला चार नंबरच्या खिडकीवरच्याच बाई. दारात स्टुलावर शिपाई. एकूण सहा डोळे, आणि पडद्यासारखं काही म्हणावं तर खिडकीला होतं, तेही गुंडाळून बांधलेलं.

"तीन नकला आणल्यात?" साहेब मान वर न करता म्हणाले.

"हो."

"मुळाबरहुकूम आहेत ना?"

हा प्रश्न मला फार मर्मज्ञ वाटला. "तसा प्रयत्न असतो," मी म्हणालो. "स्वतः सांगणं बरं नव्हे."

"मूळ सोबत आणलंय?"

"मूळ?" मी घाबरलो. "कोंबडा आणायचा होता?"

साहेबांनी ते ऐकलं नसावं. पान उलटत त्यांनी विचारलं, "खऱ्या असल्याची कोणाची साक्ष आहे?"

"पत्नीने ऐकल्यात."

"हं. द्या मग."

"मी भिंतीकडे तोंड केलं तर चालेल का?"

"कुठेही करा. वेळ नका घालवू."

मी उठलो, भिंतीकडे वळलो, डोळे मिटले. भिंतीवर एक जुना नकाशा होता, तो मला अजून आठवतो, कारण त्यानंतर काही क्षण मला कशाचंच भान नव्हतं. मी कोंबडा आरवलो.

खोलीत शांतता पसरली. बाहेरच्या दालनातली खटखटसुद्धा थांबली. मला वाटलं, ही शांतता म्हणजे पुढचं ऐकण्याची उत्सुकता. मी मांजरांचं भांडण सुरू केलं. मधेच शिपाई उठून, हातात पट्टी घेऊन, कपाटाखाली वाकून बघत असल्याची चाहूल लागली. दोन्ही मांजरं मी व्यवस्थित मिटवली. आता म्हैस. मी श्वास घेतला, आणि काय झालं कोण जाणे, डोळे मिटलेले असल्यामुळे असेल, पत्नी समोर नसल्यामुळे असेल, माझ्या तोंडून म्हैस आलीच नाही. लपलप सुरू झाली. दम. उसासा. किणकिण.

मी वळलो. टंकलेखनवाल्या बाईंनी पदर तोंडात कोंबला होता. साहेबांनी मान वर केली होती.

"काका," ते शांतपणे म्हणाले, "नक्कल म्हणजे प्रत. मी तुमच्या अर्जाच्या तीन प्रती मागितल्या होत्या. सही केलेल्या."

माझे कान इतके गरम झाले की चष्म्याच्या काड्या भाजतील असं वाटलं. अडतीस वर्षं शब्दांवर पोट भरलेला माणूस मी, आणि एक शब्द मला दोन बाजूंनी वाचता आला नाही. मी निघायला वळलो. पण निघता निघता, कसं कोण जाणे, तोंडून वाक्य निघालं. "मी अकरा नंबरच्या चौकटीत नकला लिहिल्या, त्या ह्या. तुम्ही त्या प्रती समजलात."

साहेबांनी पत्र बघितलं. अर्ज बघितला. पुन्हा पत्र बघितलं. "म्हणजे तुमचा शब्द आम्ही चुकीचा वाचला, आणि आमचा तुम्ही."

"हो. एकच शब्द."

"आणि बाथरूम?"

"तिथे घुमतं."

साहेबांनी फाईल मिटली. मग खुर्ची जरा मागे सारून म्हणाले, "ते शेवटचं. कुत्रं पाणी पीत होतं ना?"

मी नुसती मान हलवली.

"आमच्याकडे होतं. चौदा वर्षं. रोज मी कचेरीतून घरी गेलो की आधी माझं स्वागत करायचं आणि मग जाऊन तसं प्यायचं. मधे थांबून. तो उसासासुद्धा." ते फायलीकडे बघत होते. "परत एकदा कराल? नोंदीसाठी."

मी या वेळी भिंतीकडे वळलो नाही. का वळलो नाही ते मला सांगता येणार नाही. साहेबांकडे तोंड करून मी त्या कुत्र्याला पुन्हा पाणी प्यायला लावलं, आणि त्याला नेहमीपेक्षा जरा जास्त पाणी पिऊ दिलं.

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि बाईंना मजकूर सांगितला. "प्रकार, एकमालकी. स्वरूप, मनोरंजन. झेरॉक्सची नोंद रद्द. दाखला आजच द्या." मग माझ्याकडे बघून, "अर्जाच्या तीन प्रती मात्र खाली जाऊन काढून आणा. त्याला इलाज नाही."

मी खाली जाऊन प्रती काढून आणल्या. बाई टंकलेखन करत होत्या, पण मधेच त्यांचे खांदे हलत आणि त्या थांबत. दाखला हातात मिळाला तेव्हा मी तो वाचलाही नाही. घडी न करता, छातीशी धरून घरी आणला.

घरी खिडकीशी बसून मी चष्मा पुसला आणि दाखला पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतला. नाव बरोबर. पत्ता बरोबर. एकमालकी, वेलांटी बरोबर. आणि मग ते दिसलं. अडतीस वर्षांच्या सवयीने माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला.

'व्यवसायाचे स्वरूप: मनोरंजक.'

'मनोरंजन'च्या 'न'च्या जागी 'क' पडला होता. उघड मुद्रणदोष. दुरुस्तीला अर्ज, अर्जाला सुनावणी, म्हणजे महिना गेला, शनिवार जादूगाराचा. पण हे काही खरं कारण नव्हे. माझ्या हातून आजवर एक चुकीचा काना सुटलेला नाही. वेळ पडली तर मी शनिवार सोडला असता. मी त्या शब्दाकडे बघत बसलो. खाली गोल शिक्का होता. शिक्क्यावर सही होती.

पत्नी चहा घेऊन आली. "काय झालं? चूक आहे का काही?"

मी कागद तिच्यापुढे केला. माझ्याबरोबर इतकी वर्षं काढून तिलाही चुका दिसतात. तिची नजर ओळीवरून सरकत गेली आणि नेमक्या तिथेच थांबली. तिने माझ्या हातातली लाल पेन्सिल काढून घेतली. मला वाटलं, आता खूण करते. तिने ती तिच्या डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"चूक कुठे आहे?" ती म्हणाली. "बरोबर लिहिलंय त्यांनी."

मग ती आत गेली. मी चहा प्यायलो, आणि दाखला घेऊन कोपऱ्यावर गेलो. झेरॉक्सवाल्याने तो माझ्या हातातून घेतला, वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

"किती काढू, काका?"

"तीन नकला," मी म्हणालो. मग त्याचा गैरसमज नको म्हणून सांगितलं, "कागदाच्या."